एन्झाइम इनहिबिशनचा प्रकार ओळखताना या चुका टाळा

इनहिबिटर म्हणजे एन्झाइमचं काम मंदावणारा पदार्थ, सबस्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो. इनहिबिटरचा प्रकार लाइनवीव्हर-बर्क आलेखावरून (१/वेग विरुद्ध १/सबस्ट्रेटचं प्रमाण) ओळखतात. इनहिबिटरसह आणि त्याशिवायच्या रेषा वाय-अक्षावर मिळाल्या की कॉम्पिटिटिव्ह (सबस्ट्रेटच्याच जागेसाठी स्पर्धा करणारा), एक्स-अक्षावर मिळाल्या की नॉनकॉम्पिटिटिव्ह (सबस्ट्रेट असो-नसो, सारखाच बांधणारा), समांतर गेल्या की अनकॉम्पिटिटिव्ह (सबस्ट्रेट बसल्यावरच बांधणारा). एवढं पाठ करून मुलं आलेखावर पट्टी ठेवतात. चूक मात्र बहुतेकदा त्याआधीच, रीडिंग घेताना झालेली असते.

मी यात तीन आठवडे घालवलेत. एन्झाइम अल्कलाइन फॉस्फेटेज, सबस्ट्रेट पीएनपीपी (तुटला की पिवळा रंग देणारा), इनहिबिटर साधा अजैविक फॉस्फेट. हा कॉम्पिटिटिव्ह असतो हे माहीत होतं, तरी लाइनवीव्हर-बर्कच्या रेषा वाय-अक्षाच्या डावीकडे छेदत होत्या. बफर बदलला, एन्झाइम नवं आणलं, फरक शून्य. खरी गोष्ट अशी की मी ४०५ नॅनोमीटरला पाच मिनिटांनी एकच रीडिंग घेत होते. सर्वांत कमी सबस्ट्रेटच्या नळीत तोवर चतुर्थांशाहून जास्त सबस्ट्रेट संपलेलं असायचं, म्हणून वेग कमी दिसायचा. इनहिबिटर नसलेल्या नळीत ही तूट सर्वांत मोठी, कारण तिथेच अभिक्रिया जोरात चालते. त्या रेषेचा उजवीकडचा बिंदू वर सरकला, चढ वाढला, वाय-छेद खाली गेला. इनहिबिटरवाली रेषा जवळपास जागच्या जागी. कॉम्पिटिटिव्हचं असं मिक्स्ड (मोकळ्या आणि सबस्ट्रेट बसलेल्या एन्झाइमला कमी-जास्त जोराने बांधणारा) झालं.

तेव्हापासून दर १५ सेकंदांनी रीडिंग घेते आणि पहिलं १० टक्के सबस्ट्रेट संपेपर्यंतचाच सरळ भाग धरते. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी कायनेटिक्सच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३४ पासूनचा हा लाइनवीव्हर-बर्क आलेख दाखवायला छान, आकडे काढायला वाईट. वेग ४० असताना ०.२ ची चूक आणि वेग २ असताना तेवढीच चूक घ्या. व्यस्त केल्यावर दुसरी सुमारे ४०० पट मोठी होते. सर्वांत डळमळीत बिंदूच रेषेला ओढतो. केएम (वेग कमालीच्या निम्मा होतो तेवढं सबस्ट्रेटचं प्रमाण) आणि व्हीमॅक्स (कमाल वेग) नॉनलिनिअर फिटिंगने, म्हणजे मूळ आकड्यांवर थेट वक्र बसवून काढा. एक्सेलची ट्रेंडलाइन मी तपासायलासुद्धा घेत नाही.

सबस्ट्रेटची सगळी प्रमाणं केएमच्या खालची घेतली असतील तर व्हीमॅक्सबद्दल बोलू नका. ०.२ ते ५ पट केएम एवढा पल्ला ठेवा.

एकट्या डिक्सन आलेखावर (१/वेग विरुद्ध इनहिबिटरचं प्रमाण) विसंबू नका. त्यात कॉम्पिटिटिव्ह आणि मिक्स्ड बहुधा सारखेच दिसतात. सबस्ट्रेट भागिले वेग, विरुद्ध इनहिबिटर असा आलेखही काढा. कॉम्पिटिटिव्ह असेल तर तिथे रेषा समांतर जातात.

व्हीमॅक्स घटला, केएम तसाच राहिला, म्हणून लगेच नॉनकॉम्पिटिटिव्ह लिहू नका. एन्झाइमला कायमचं बांधून टाकणारा इनहिबिटरही हेच चित्र देतो. एन्झाइम आणि इनहिबिटर एकत्र ठेवा, मग १०० पट विरळ करून बघा. क्रियाशीलता परत आली नाही, तर तुमच्या आलेखातून निघालेल्या केआयला (इनहिबिटर किती घट्ट बांधतो त्याचा आकडा) काही अर्थ नाही.