वाढत्या मुलांच्या ताटात तेल-तूप किती, कोणते?

मूल जरा अंगाने भरले की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती तेल-तुपावर. दहा ते अठरा या वयात तसे करू नका. हाडांची बरीचशी भरणी याच वर्षांत होते आणि तिला मेद लागतो. ड आणि के ही जीवनसत्त्वे मेदातच विरघळतात. ड कमी पडले तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. के कमी पडले तर ते हाडात धरून ठेवणारे प्रथिन कामाला लागत नाही.

१. सकाळी तिझण, म्हणजे नाचणीची गोड पेज. १३ ते १५ वयाच्या मुलांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असते. पीठ चाळू नका, कॅल्शियम कोंड्यातच जास्त. पीठ गार पाण्यात कालवा, गूळ घालून मंद आचेवर सारखे ढवळत राहा, शेवटी नारळाचा रस घाला.

२. आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा किंवा तारले. यांच्या चरबीत ओमेगा-३ हा उपयोगी मेद आणि ड दोन्ही असते. माझ्या मते गोव्यातल्या आईला याहून स्वस्त औषध नाही. तारले लहान असतील तर आमसुले घालून मंद आचेवर इतके शिजवा, की काटा बोटांत चुरला पाहिजे. मग तो काढू नका, त्यातही कॅल्शियम आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खाऱ्या बांगड्यावर भर येतो. तो भिजवून, धुऊन घ्या आणि रोज देऊ नका: जादा मिठाने कॅल्शियम लघवीवाटे जाते. शाकाहारी घरात ओमेगा-३ साठी जवसाची चटणी करा, अक्रोड द्या.

३. तांबडी भाजी (लाल माठ) नुसती उकडू नका. चमचाभर तेलाची फोडणी हवीच, नाहीतर तिच्यातले के अंगी लागत नाही.

४. कात्री लावायची ती वनस्पती तुपातल्या खाऱ्या बिस्किटांना आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या भज्यांना. संपृक्त मेद, म्हणजे वनस्पती तुपासारखा थिजणारा मेद, फार झाला की आतड्यात तो कॅल्शियमला चिकटतो, साबणासारखा न विरघळणारा पदार्थ होतो आणि कॅल्शियम शौचावाटे निघून जाते. वाढत्या उंदरांना अतिमेदाचा आहार दिला तेव्हा हाडांच्या आतली जाळी विरळ झालेली आढळली आहे. मुलांना ते जसेच्या तसे लागू होत नाही, पण सावध व्हायला एवढे पुरे.

५. ड च्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ड मेदात विरघळते, त्यामुळे जादा झाले तरी सहज बाहेर पडत नाही, अंगातच साठते.