मुलाची प्ले थेरपी सुरू झाली आहे? मग या चुका टाळा

पहिली चूक बहुतेक वेळा पार्किंगमध्येच होते. सेशन संपवून मूल बाहेर येतं, बूट चढवतं, आणि स्कूटरपाशी पोचायच्या आत आपण सुरू होतो. "काय काय झालं? मॅडमनी काय विचारलं? नीट उत्तरं दिलीस ना?" मूल म्हणतं, "खेळलो." आणि आपल्या मनात येतं, एवढी फी भरून हा नुसता खेळलाच?

हो, खेळलाच. तेच अपेक्षित आहे. प्ले थेरपी म्हणजे खेळातून केला जाणारा मानसोपचार. साधारण तीन ते अकरा-बारा वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसून 'मला आतून काय होतंय' ते सांगता येत नाही. ते ज्या पद्धतीनं सांगू शकतं, ती पद्धत म्हणजे खेळ. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या पद्धतीची आठ तत्त्वं मांडली. त्यातली तीन पालकांनी लक्षात ठेवली तरी खूप झालं : मूल आहे तसं स्वीकारायचं, वाट मुलानं दाखवायची, आणि घाई करायची नाही. पालकांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या तिसऱ्या तत्त्वापाशी होतात.

"आज काय केलंस?" हा प्रश्न

हा प्रश्न प्रेमापोटीच येतो, पण त्यानं नुकसान होतं. आत केलेल्या प्रत्येक गोष्टीचा बाहेर हिशेब द्यावा लागतो, हे कळलं की मूल आत जपून खेळू लागतं. त्यापेक्षा "आलास! भूक लागली का?" एवढं म्हणा. स्वतःहून काही सांगितलं तर ऐकून घ्या आणि तिथेच थांबा. आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण घरी पोचल्यावर तेच प्रश्न तिकडून येतात.

थेरपिस्टही तुम्हाला प्रत्येक सेशनचा वृत्तांत देणार नाही. पालकांसाठी काही आठवड्यांनी वेगळी भेट ठरवलेली असते. तिथे 'सध्या भीतीचे विषय खेळात जास्त येतायत', 'हरण्याची धास्ती कमी झालीय' अशा पातळीवर बोलणं होतं. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर मात्र ही गुप्तता बाजूला ठेवावी लागते. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे. हे नियम पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.

खोटं सांगून किंवा धाक दाखवून नेणं

"चल, तुला मॉलमध्ये नेते" म्हणून नेलेलं मूल दारातच फसवलं गेल्याचं ओळखतं. "तू फार त्रास देतोस ना, म्हणून जायचंय" हे तर त्याहून वाईट, कारण मग ती खोली त्याला शिक्षाच वाटते. साधं खरं सांगा : "तिथे एक ताई असते. तिच्याकडे खूप खेळणी आहेत. मुलांना राग येतो, भीती वाटते, तेव्हा तिथे जाऊन हवं तसं खेळता येतं. मी बाहेरच बसलेली असेन." आणि "थांब, ताईला नाव सांगते तुझं" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. थेरपिस्टला पोलीस बनवलं की तिच्या हाती काही उरत नाही.

पहिली भेट बहुधा फक्त पालकांची असते. जन्म, झोप, जेवण, शाळा, घरात अलीकडे झालेले बदल, सगळं विचारलं जातं. इथे अनेकजण घरातली भांडणं, नोकरी जाणं, दारू, वेगळं राहण्याचा विचार, हे सगळं गाळतात. 'ते आमचं आमचं आहे, त्याला काही कळत नाही.' त्याला कळत असतं. मग थेरपिस्ट मात्र अंधारात राहते आणि मूल खेळातून जे दाखवतं त्याचा संदर्भच तिला लागत नाही.

खेळ बघून घाबरणं

खोलीत भातुकली असते, बाहुलीचं घर, डॉक्टरचा सेट, हातात घालायच्या बाहुल्या, रबरी साप, पोलिसांची गाडी, रंग, माती आणि अनेक ठिकाणी वाळूचा ट्रे. ही खेळणी विचार करून निवडलेली असतात. घर चालवता यावं, कुणाची काळजी घेता यावी, आणि राग काढताही यावा, अशी तिन्ही प्रकारची.

समजा, धाकटी बहीण झाल्यावर पुन्हा गादी ओली करू लागलेला पाच वर्षांचा मुलगा आहे. तो बाळाची बाहुली उचलतो, डब्यात कोंबतो आणि झाकण दाबून लावतो. थेरपिस्ट रागावत नाही, "असं करू नये" म्हणत नाही. ती म्हणते, "बाळ डब्यात गेलं. झाकणही घट्ट लावलंस." तो डब्यावर बसतो. पुढच्या आठवड्यातही हेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो झाकण काढतो, बाळाला इंजेक्शन देतो, आणि मग भातुकलीतल्या वाटीतून भात भरवतो. हे आईनं काचेतून पाहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी तिच्या पोटात गोळा आला असता. पण खऱ्या बहिणीला हातही न लावता त्यानं राग, अपराधीपणा आणि माया हे सगळं खेळून पाहिलं.

म्हणूनच घरी एकेका चित्राचा अर्थ लावत बसू नका. काळा रंग वापरला म्हणजे मूल उदास आहे, असं नसतं. कधीकधी बाकीचे खडू तुटलेले असतात. (आणि गादी ओली होत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता ही तिची अगदी सामान्य कारणं आहेत.)

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धीर सोडणं

काही मुलं सुरुवातीला जास्त चिडचिडी किंवा रडवी होतात. दाबून ठेवलेलं वर येत असतं. नेमकं तेव्हाच 'याचा उलटाच परिणाम होतोय' म्हणून सेशन बंद केली जातात. बंद करण्याआधी थेरपिस्टला फोन करा आणि नेमकं काय बदललं ते सांगा. अर्थात झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं राहिलं, तर वाट पाहत बसू नका. आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर त्याच दिवशी संपर्क साधा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

वेळेचा अंदाजही ठेवा. सेशन बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण तासाच्या आसपास. २००५ मध्ये ९३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सर्वाधिक परिणाम साधारण ३५ ते ४० सेशनच्या टप्प्यावर दिसला, पण त्याहून बऱ्याच कमी सेशनमध्येही चांगला फरक आढळला होता. आणखी एक गोष्ट ठळक होती : पालकांना प्रशिक्षण देऊन सामील केलं, तिथे परिणाम अधिक होता.

बदल मार्कांत शोधू नका. पूर्वी हरल्यावर पट उधळणारी मुलगी "मला राग आलाय" म्हणते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, तो बदल.

सगळं थेरपिस्टवर सोपवणं

आठवड्यातला पाऊण तास तिचा, बाकीचे सगळे तास घराचे. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६० च्या दशकात पालकांनाच असा खेळ शिकवायला सुरुवात केली, ती यामुळेच. थेरपिस्टला विचारून घरीही आठवड्यातून एक अर्धा तास ठरवा. तीच वेळ, तीच थोडी खेळणी, फोन दुसऱ्या खोलीत. "हा कुठला रंग?" असे प्रश्न नाहीत, शिकवणं नाही, शाबासकीही बेतानं. जे दिसतंय ते म्हणायचं : "गाडी थेट वरपर्यंत चढवलीस."

मूल मारायला धावलं तर तीन पायऱ्या. "तुला खूप राग आलाय. मी मारायसाठी नाही. या उशीला मारू शकतोस." एवढंच, याच क्रमानं, शांत आवाजात. पहिल्या काही वेळा याचा उपयोग होत नाही असं वाटेल. तरी शब्द बदलू नका.

पत्ता चुकणं

'प्ले थेरपी' ही पाटी हल्ली अ‍ॅक्टिव्हिटी क्लासवरही दिसते. आपल्याकडे प्ले थेरपिस्टसाठी वेगळा सरकारी परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यामुळे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं, सरावावर कुणाची देखरेख आहे, हे बिनदिक्कत विचारा. चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही. मूल उशिरा बोलत असेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी विकासाची तपासणी हवी. तिथे स्पीच थेरपीची किंवा ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची) गरज असू शकते, आणि निव्वळ खेळाच्या सेशनमध्ये मोलाचे महिने निघून जातात.

शेवटची चूक निरोपाची. मे महिन्यात गावाला गेलो आणि परत गेलोच नाही, असं फार होतं. मुलाच्या दृष्टीनं एक जवळचं माणूस न सांगता नाहीसं झालेलं असतं. बंद करायचं ठरलं तर निदान तीन-चार आठवडे आधी थेरपिस्टला आणि मुलाला सांगा, आणि किती वेळा जायचं उरलंय ते कॅलेंडरवर त्यालाच खुणा करू द्या. गाव बदलल्यामुळे अचानक थांबावं लागलं, तरी निरोपासाठी एक सेशन मागून घ्या.