एका गोळीवर येताना: टीएलडी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

दिवसातून दोनदा झिडोव्ह्युडिन-नेव्हिरॅपिनच्या गोळ्या, नाहीतर रात्री एफाव्हिरेंझ आणि सकाळपर्यंत जड डोकं. एचआयव्हीच्या उपचारात अशी वर्षं काढलेल्यांना आता टीएलडी ही रोजची एकच गोळी मिळते: टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50. जेवणाआधी घ्या किंवा नंतर, चालतं. मात्र बदलाच्या दिवशी नुसती बाटली घेऊन घरी येऊ नका. गडबड होते ती बहुतेकदा या गोळीने नाही, घरातल्या बाकीच्या औषधांनी.

पहिला प्रश्न व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात एचआयव्हीचे विषाणू किती आहेत त्याचा. शेवटची तपासणी जुनी असेल तर बदलाआधी करून घ्या. आकडा 1000 च्या खाली असेल तर हा निव्वळ सुटसुटीतपणाचा बदल. वर असेल तर सध्याचं औषध चालेनासं झालंय का, हे आधी तपासावं लागतं, आणि तो निर्णय डॉक्टरांचाच.

दुसरा प्रश्न हिपॅटायटिस बीचा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हीच दोन्ही औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असताना टेनोफोव्हिर एकाएकी बंद केलं तर यकृताची सूज उसळते, कधी जिवावर बेतेल इतकी. खासगीत कुणी डोल्युटेग्रॅव्हिर-लॅमिव्ह्युडिन ही दोनच औषधांची गोळी सुचवली, किंवा दर दोन महिन्यांच्या इंजेक्शनचा विषय काढला, तरी हा रिपोर्ट आधी दाखवा. हिपॅटायटिस बी असेल तर दोन्ही पर्याय बाद.

तिसरं मूत्रपिंड. इथे नुसत्या क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंड जो टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतं त्याच्या रक्तातल्या आकड्यावर, जाऊ नका. 55 वर्षांची, 45 किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन 1.1. लॅबच्या कागदावर बहुधा काही खूण नसते. आता क्लिअरन्सचा, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती साफ करतं त्याचा, हिशोब करा: 140 मधून वय वजा, म्हणजे 85, गुणिले वजन 45, झाले 3825. त्याला 72 गुणिले 1.1, म्हणजे 79.2 ने भागलं की 48. बाईंसाठी 0.85 ने गुणायचं, उरले 41. क्लिअरन्स 50 च्या खाली गेला की टेनोफोव्हिर टाळून बहुधा अबॅकॅव्हिर देतात. बारीक अंगाच्या, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. उलट, टीएलडी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन 0.1-0.2 ने वर गेलं तर लगेच घाबरू नका. डोल्युटेग्रॅव्हिर क्रिएटिनिन बाहेर टाकायची वाट थोडी अडवतं, त्यात मूत्रपिंड बिघडत नाही. पण आकडा चढतच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता घरातली औषधं. सगळी पाकिटं पिशवीत घालून एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, न्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. जेलुसिल, डायजीनसारख्या अ‍ॅसिडिटीच्या औषधांतलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, ते रक्तात उतरत नाही. म्हणून टीएलडी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर. फक्त जेवणासोबत घेत असाल तर त्या टीएलडीबरोबर चालतात. उपाशीपोटी एकत्र नकोच. पॅन्टोप्रॅझोलने काही बिघडत नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगावं, कारण टीएलडीसोबत त्याचा दिवसाचा डोस 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. फिट्सच्या गोळ्या, म्हणजे कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, चालू असतील तर बदलाआधीच बोला. टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर 50 ची एक जादा गोळी 12 तासांनी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही 2 आठवडे चालू ठेवावी लागते. टीबीचा कोर्स संपला म्हणून तीही त्याच दिवशी बंद करणारे बरेच असतात.

बदलाच्या दिवशी मधे खंड पडता कामा नये. जुन्या बाटलीत गोळ्या उरल्या असतील तर त्या सेंटरला परत करा. "वाया कशाला घालवायच्या" म्हणून दोन्ही घेणं किंवा आधी जुन्या संपवत बसणं, दोन्ही नको. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या. बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका आणि गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवू नका.

एखादी वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला 4 तासांहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीच नाहीत. महिन्याच्या 30 पैकी एक चुकली तर 96.7 टक्के, दोन चुकल्या तर 93.3. सेंटरला 95 च्या वर हवं असतं, म्हणजे महिन्याला एकाच चुकीची मुभा. बाटलीतल्या गोळ्या मोजतात त्या याचसाठी, तुमच्यावर संशय म्हणून नाही. तेव्हा मोजणीआधी उरलेल्या गोळ्या काढून ठेवू नका, काउन्सेलरला खरं सांगा.

नंतर वजन बघत राहा. डोल्युटेग्रॅव्हिरवर काहींचं वजन वाढतं, आणि कपडे घट्ट झाले की गोळीच बंद करावीशी वाटते. तसं करण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखरही तपासून घ्या. पुढचा व्हायरल लोड सेंटर सांगेल त्या तारखेला, एरवी वर्षातून एकदा. तो 1000 च्या वर आला तर तीन महिने नीट समुपदेशन करून पुन्हा तपासतात. अशा वेळी सकाळच्या चहासोबत घेतलेली कॅल्शियमची गोळी आठवून सांगा, बरेचदा गुंता तिथेच सुटतो.

गोळ्या कमी करायची आणखी एक जागा असते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा 350 च्या वर आला असेल तर कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे इतर संसर्ग टाळायला दिलेली गोळी, थांबवता येईल का, हे स्वतःहून विचारा. तसंच प्रकृती स्थिर आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर एकदम तीन महिन्यांचं औषध मागा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी टोळी निघायच्या आधीच सेंटर गाठून, साखर कारखान्याच्या भागातलं जवळचं एआरटी सेंटर कुठलं ते विचारून ग्रीन बुकमध्ये, म्हणजे उपचाराच्या नोंदवहीत, लिहून घ्यावं. ग्रीन बुक पालावर गोळ्यांसोबतच ठेवा. अडलं तर 1097 हा टोल-फ्री नंबर आहे.