पाण्यापल्याड गेलेला बुढा शोधायच्या आधी

इंग्रजांच्या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजी-मॉरिशसकडे गेलेला घरातला पूर्वज शोधायचा तर मोबाईलवर नाव टाकून बघायची घाई करू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. "कोणत्या साली गेला?" असं विचाराल तर उत्तर येणार नाही, कोणाशी भांडून गेला, कोणत्या दुष्काळात, वावर कोणाच्या नावावर राहिलं, ते विचारा. आमच्या आजीला साल ठाऊक नव्हतं, पण त्याच्या डाव्या भुवईवर बैलाचं शिंग लागल्याची खूण होती, हे तिनं सासूच्या तोंडून ऐकलं होतं. असलं काही निघालं की आधी टिपून घ्या. कलकत्त्याहून फिजीला जाणाऱ्यांच्या पासवर, म्हणजे प्रवासाच्या परवान्यावर, बापाचं नाव, जात, वय, जिल्हा, पोलीस ठाणं, गाव आणि अंगावरची खूणही लिहीत. नावं कारकुनानं ऐकली तशी उतरवलेली, त्यामुळं खुणेवर माझा भरवसा जास्त.

मग जुने जिल्हे, कारण खरी फसगत तिथंच होते. 1905 पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचं नाव 'वून', म्हणजे आपलं वणी. तोवर एलिचपूर (आताचं अचलपूर) आणि बाशीम (वाशीम) हेही वेगळे जिल्हे. गडचिरोली 1982 पर्यंत चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात. वऱ्हाड तर 1903 पर्यंत मध्यप्रांतात नव्हतंच, कागदोपत्री निजामाचं; तेव्हा 'हैद्राबाद' दिसलं म्हणून पान उलटू नका. ठाणं हवंच, वडगाव आणि पिंपळगाव काय, दर तालुक्यात सापडतात.

मागे राहिलेल्या भावाच्या वंशासाठी तहसिलीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बघा. डबा सोबत न्या, माझे दोन दिवस नुसते बाकावर गेले. जुनी पानं मोडीत निघाली तर वाचणारा आधीच गाठून ठेवा.

देश कोणता, याचा अंदाज सालावरून बांधा. मॉरिशसला गिरमिटिये 1834 पासून, दक्षिण आफ्रिकेतल्या नातालला 1860, दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला 1873, फिजीला 1879 पासून. भरती थांबली 1917 मध्ये. मुंबईहून मॉरिशसला गेलेले मराठी बहुतेक कोकण-घाटाकडचे, म्हणून पूर्व विदर्भातल्यांनी कलकत्ता बंदरातून गेलेल्यांच्या नोंदी आधी बघाव्या. नागपूरहून तिकडची थेट रेल्वे 1891 ची. सुरीनामची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साईटवर फुकट बघता येते. मॉरिशसची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, काहींचे फोटोसुद्धा. तिथं लिहिताना बापाचं नाव आणि ठाणं पहिल्याच ओळीत टाका, आडनाव शेवटी.