सीआयसीएसचा रीजन स्क्रिप्टने उभा करण्याआधी

आयबीएम मेनफ्रेमवर व्यवहार चालवणाऱ्या सीआयसीएसचा नवा रीजन (म्हणजे त्याची एक स्वतंत्र चालती प्रत) हाताने उभारताना डोक्यापेक्षा लोकांचा वेळ जास्त लागतो. व्हीटॅमची (नेटवर्क जोडणीची) व्याख्या नेटवर्कवाल्यांकडे, रॅकफची (प्रवेशाच्या अधिकारांची) प्रोफाइलं सुरक्षावाल्यांकडे, डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलींची) जागा स्टोरेजवाल्यांकडे, आणि हे सगळं जमलं की मग जेसीएल, म्हणजे जॉब चालवण्याच्या सूचना. म्हणून लगेच प्लेबुक (ॲन्सिबल या ऑटोमेशन साधनाची स्क्रिप्ट) लिहायला बसू नका. आधी एखादा चालता रीजन समोर घ्या आणि तो उभा करताना कुणाकुणाची परवानगी लागली होती, कोणत्या क्रमाने, ते लिहून काढा. त्या कागदावर जितक्या विनंत्या असतील तितक्या ठिकाणी तुमची स्क्रिप्ट अडून बसणार आहे.

पहिलं काम नावांचं, आणि ते कंटाळवाणं असलं तरी पुढचं सगळं त्यावर लटकलेलं असतं. ॲप्लिडला (रीजनच्या नेटवर्कवरच्या नावाला) आठ अक्षरं मिळतात, सिसआयडीला (सीआयसीएसमधल्या त्याच्या छोट्या नावाला) फक्त चार. त्या चारांत एन्व्हायर्नमेंट, एलपार (मेनफ्रेमचा स्वतंत्र विभाग), रीजन टर्मिनलचा की ॲप्लिकेशनचा आणि वर अनुक्रमांक असं सगळं कोंबायला गेलात, तर अनुक्रमांकापुरती जागा लवकरच संपते. नाव वाटणारी जागा एकच हवी. दोन टीमनी एकाच वेळी बटण दाबलं तरी एकच नाव दोघांना जाता कामा नये. सिस्टीम लॉगच्या स्ट्रीमचं नाव सीआयसीएस मुळात रीजनचा युजरआयडी आणि ॲप्लिड जोडूनच बनवतं, त्यामुळे नाव चुकलं की ती चूक डेटासेटपासून लॉगरपर्यंत (लॉग स्ट्रीम सांभाळणाऱ्या सेवेपर्यंत) सगळीकडे पोचते.

नावांना शिस्त आली की तिचा खरा फायदा उचला. दर नव्या रीजनसाठी सुरक्षा विभागाकडे वेगळी विनंती पाठवायची असेल, तर ते ऑटोमेशन नव्हे, जलद टायपिंग आहे. रॅकफमध्ये स्टार्टेड क्लासची (सुरू होणाऱ्या कामाला युजरआयडी देणारी) आणि डेटासेटची जेनेरिक प्रोफाइलं उपसर्गावर बांधून घ्या. व्हीटॅममध्ये ॲप्लिकेशनची मॉडेल व्याख्या वाइल्डकार्डने करता येते. लॉग स्ट्रीमसाठी सीआयसीएसचे मॉडेलच असतात, ते एकदा नीट लिहा. या तिन्ही गोष्टी एकदा मंजूर झाल्या की त्या उपसर्गाखालचा पुढचा रीजन कुणाच्याही दारात न जाता उभा राहतो. तयारीतला सर्वाधिक वेळ इथे घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या युजरआयडीने ऑटोमेशन चालतं त्याला मात्र रॅकफचं स्पेशल (सगळी प्रोफाइलं बदलण्याचा अधिकार) देऊ नका. ‘सध्या देऊ, नंतर काढू’ म्हणून दिलेलं स्पेशल सहसा निघत नाही.

काही गोष्टींना स्क्रिप्टने हात लावायचाच नाही, फक्त त्या आहेत का ते पाहायचं. ऑथराइज्ड लायब्ररी एपीएफ यादीत (विशेषाधिकार दिलेल्या लायब्ररींच्या यादीत) आहे का, सीआयसीएसचा एसव्हीसी (सिस्टीमच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम) आणि इंटररीजन प्रोग्राम (रीजन एकमेकांशी जोडणारा) एलपीएमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मेमरीत, आहेत का. एकाच एलपारवर सीआयसीएसच्या दोन आवृत्त्या नांदत असतील, तर इंटररीजन प्रोग्राम सर्वांत नव्या आवृत्तीचाच हवा. तपासणी नापास झाली की स्क्रिप्टने निमूट थांबावं.

साधनांबद्दल थोडक्यात. ॲन्सिबल घेत असाल तर झेड/ओएसवर (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) ओपनएसएसएच, पायथन आणि झेड ओपन ऑटोमेशन युटिलिटीज लागतात, आणि एबसिडिकचं (मेनफ्रेमवर अक्षरं साठवण्याच्या संकेताचं) रूपांतर पहिल्याच दिवशी तपासून घ्या. नाहीतर कॉन्फिगरेशनच्या फाइलीत अगम्य चिन्हं उमटतात आणि दोष भलत्यालाच लागतो. सीएमसीआयची (सीआयसीएसच्या व्यवस्थापन इंटरफेसची) मॉड्यूलं एचटीटीपीवरून बोलतात, त्यांना झेड/ओएसवर पायथन लागत नाही. झेडओएसएमएफचे (ब्राउझरमधून झेड/ओएस सांभाळण्याच्या साधनाचे) टेम्प्लेट आणि वर्कफ्लो हा दुसरा रस्ता; जिथे टीमना स्वतःच पोर्टलवरून रीजन मागवायचे आहेत तिथे तो सोयीचा. दोन्ही वापरायला हरकत नाही, पण एकाच रिसोर्सचे मालक दोघे नकोत.

आता डेटासेट. यांची दोन गटांत विभागणी कागदावर करा आणि ती सगळ्यांकडून मान्य करून घ्या. ट्रेस आणि डंपचे डेटासेट कधीही पुसा, पुन्हा बनवा, फारसं बिघडत नाही. ग्लोबल कॅटलॉग आणि सिस्टीम लॉग मात्र रीजनची स्मृती आहेत. अर्धवट राहिलेले व्यवहार, डीबी२ (डेटाबेस) किंवा दुसऱ्या रीजनशी चाललेली कमिटची बोलणी, हे सगळं त्यांच्यात असतं. स्टार्ट=ऑटो दिलं की सीआयसीएस कॅटलॉग वाचून वॉर्म (नीट बंद झाल्यानंतरचा) की इमर्जन्सी (मध्येच पडल्यानंतरचा) ते ठरवतं. कोल्ड स्टार्टमध्ये निदान बाहेरच्या भागीदारांशी जुळवून घेण्याची माहिती टिकते. इनिशियल स्टार्ट म्हणजे हा रीजन पूर्वी कधी चाललाच नव्हता असं समजणं. रीजन पहिल्यांदा उभा करताना इनिशियलच लागतो, आणि धोका तिथेच आहे: तेच प्लेबुक महिन्याभराने कुणी ‘काही बिघडत नाही, पुन्हा चालवू’ म्हणून चालवलं, की कॅटलॉग पुन्हा इनिशियलवर जातो. ॲन्सिबलच्या दृष्टीने सगळं हिरवं, आणि इनडाउट (कमिट की रद्द हे न ठरलेल्या) व्यवहारांचा मागमूस गेलेला. म्हणून निर्मिती आणि स्टार्ट ही दोन वेगळी प्लेबुकं ठेवा, कॅटलॉग आधीच असेल तर निर्मितीचं प्लेबुक पहिल्याच पायरीला थांबेल असं लिहा, आणि प्रॉडक्शनमध्ये इनिशियलचा पर्याय चलातून येऊच देऊ नका.

रिसोर्सच्या व्याख्यांचं मूळ गिटमध्ये, आणि सीएसडी (रीजन ज्यातून व्याख्या घेतो ती सीआयसीएसची फाइल) ही त्यातून बॅचने भरलेली प्रत. ज्या दिवशी कुणी सीईडीए (व्याख्या बदलण्याचं ट्रान्झॅक्शन) उघडून थेट सीएसडीत बदल करतं, त्या दिवसापासून दोन्हींची वाट वेगळी होते. प्रॉडक्शनमध्ये सीईडीएचा अधिकार आवळा. डेव्हलपमेंटमध्ये ठेवा मोकळा, पण दर रात्री सीएसडीची तुलना चालवा. सीएसडी अनेक रीजनमध्ये सामायिक असेल तर एका रीजनसाठी केलेला बदल बाकीच्यांना पुढच्या कोल्ड स्टार्टला भेटतो, हेही यादीत लिहून ठेवा.

जॉब सुरू झाला म्हणजे रीजन तयार झाला असं धरू नका. डीएफएचएसआय१५१७ हा संदेश आला की सीआयसीएसने ताबा घेतला. स्क्रिप्टने त्याची वाट पाहावी, ठरावीक सेकंद झोपून राहू नये. त्यानंतरही डीबी२चं कनेक्शन जोडलेलं आहे का, फाइली उघडतात का, एखादं निरुपद्रवी ट्रान्झॅक्शन पूर्ण होतं का, हे विचारा.

बंद करताना आधी नॉर्मल शटडाउन. लांबलेली टास्क त्याला अडवून धरतात, म्हणून शटडाउन असिस्ट ट्रान्झॅक्शन लावलेलं असू द्या. कॅन्सल (जॉब जबरदस्तीने थांबवणं) हा स्क्रिप्टचा निर्णय नव्हे. तिथे माणसाला फोन जाऊ द्या.

राहिलं पाडकाम, ज्याची तयारी बहुतेक जण करतच नाहीत. क्रम असा: इनडाउट व्यवहार नाहीत याची खात्री, शटडाउन, सीआयसीएसप्लेक्सच्या (एकत्र सांभाळलेल्या रीजनांच्या गटाच्या) टोपोलॉजीतून नाव काढणं, लॉग स्ट्रीम, डेटासेट, आणि सर्वांत शेवटी नाव वाटणाऱ्या जागेकडे नाव परत. नाव आधी सोडलंत तर नवा रीजन जुन्याच्या लॉग स्ट्रीमवर येऊन बसेल. तालीम करताना एकच टाकाऊ रीजन उभारा, पाडा, त्याच नावाने पुन्हा उभारा. दुसऱ्या खेपेला तो जिथे अडखळेल तिथे पाडकामात काहीतरी मागे राहिलंय.