चेतापेशींवर नॅनोकण तपासताय? या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. घोळ होतो तो पुढे, ते चेतापेशींवर टाकून ‘मेंदूच्या विकासावर परिणाम’ असा मथळा देताना.

सगळ्यात जास्त फसवते एमटीटी चाचणी. यात जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात, आणि त्या रंगावरून किती पेशी जिवंत आहेत ते ठरवतात. सायट्रेटने स्थिर केलेलं सोन्याच्या नॅनोकणांचं लाल द्रावण थेट सिरम (रक्तद्रव) नसलेल्या, पेशी वाढवायच्या माध्यमात ओतलं जातं. क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात, रंग जांभळट-निळा होतो. सुट्या कणांचं प्रकाशशोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतं. गुठळ्या झाल्या की ते ५७० कडे आणि पुढे सरकतं. एमटीटीचं रीडिंग घेतात तेही ५७० लाच. मग जिवंत पेशी कण न टाकलेल्या गटाच्या १२० टक्के दिसतात आणि अहवालात लिहिलं जातं, ‘सोन्यामुळे चेतापेशी वाढतात.’ यंत्राने मोजलेला असतो गुठळ्यांचा रंग.

म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये तीन वेल (खाचे) पेशींविना ठेवा, प्रत्येकात माध्यम, कण आणि एमटीटी घालून. तिथे रंग आला तर त्या चाचणीचे आकडे वापरू नका. फॉर्मॅझान डीएमएसओ या द्रावकात विरघळल्यावर प्लेट सेंट्रिफ्यूज करा, वरचं १०० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घेऊन मोजा. सोबत ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या रंगाने, पेशी मोजाच. कंटाळवाणं काम आहे, पण भरवशाचं. चांदी असेल तर एलडीएच चाचणीवर, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजण्यावर, विसंबू नका. चांदी ते एन्झाइमच निकामी करते, त्यामुळे फुटलेल्या पेशीही धडधाकट वाटतात.

पाण्यात काटकसर नको. उजनीचं पाणी घरगुती आरओतून काढलं तरी त्यात क्षार उरतात. १८.२ मेगाओम-सेंटीमीटर रोधकतेचं, म्हणजे अतिशुद्ध पाणीच घ्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे पेशी मेल्या की नाही एवढंच पाहणं. अशा प्रयोगांत चेतापेशी म्हणून वापरल्या जाणाऱ्या एसएच-एसवाय५वाय या मुळात न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी. तशाच वापरल्या तर त्या विभाजत राहतात. त्यांचं चेतापेशींसारख्या पेशींत रूपांतर व्हावं म्हणून सिरम कमी करून १० मायक्रोमोलार रेटिनोइक आम्ल ५ ते ७ दिवस द्या आणि कण याच काळात टाका, नंतर नाही. मात्रा पेशी न मारणारी हवी. मग पेशींतून फुटणाऱ्या तंतूंची लांबी आणि बीटा-३ ट्युब्युलिन हे चेतापेशींची ओळख पटवणारं प्रथिन पाहा. विकासातला बिघाड बहुधा इथे दिसतो, आणि घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

चांदीसोबत सिल्व्हर नायट्रेटचा नियंत्रण गट नसेल, तर परिणाम कणांचा की विरघळलेल्या आयनांचा, हे सांगता येत नाही.

पेशींऐवजी झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर कण तपासत असाल, तर ते भ्रूण २८.५ अंश सेल्सिअसवर वाढवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली असते. वीज गेली आणि इनक्युबेटर तापला तर वाढीचा वेग बदलतो. त्या तुकडीची तुलना तासांवर नाही, भ्रूणाच्या अवस्थेवर करा.