एनओसीच्या स्क्रीनवर या चुका टाळा: फिल्टर, क्लिअर, लॉक आणि टिल्ट

मोबाइल कंपनीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये, बसणाऱ्याला कुठला मेन्यू कुठे आहे हे थोड्याच दिवसांत पाठ होतं. नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर नोकियाचं नेटॅक्ट असो की एरिक्सनचं ईएनएम, बटणांची नावं बदलतात. अलार्मची यादी, साइट्सचा (म्हणजे टॉवरच्या ठिकाणांचा) ट्री, कॉन्फिगरेशन आणि परफॉर्मन्स सगळीकडे असतंच. घोळ बहुधा दुसरीकडेच होतो. आधीचा कोणता फिल्टर लागलेला आहे, ट्रीमध्ये नेमकं काय सिलेक्ट झालंय, सर्व्हरचं घड्याळ कुठलं, आकडा कोणत्या एककात, हे न पाहताच माणूस ओके दाबतो.

अलार्मची यादी कोरी आहे, म्हणजे सगळं ठीक?

शिफ्ट बदलली की आधी फिल्टर बघा. आधीच्या माणसाने ‘फक्त क्रिटिकल’ लावून ठेवलेलं असतं आणि नव्याला यादी स्वच्छ दिसते. पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या साइटची वीज गेली, तर पहिला अलार्म येतो ‘मेन्स फेल’. त्याची सिव्हेरिटी, म्हणजे गंभीरतेची पातळी, बऱ्याच ठिकाणी क्रिटिकलच्या खाली, मेजर किंवा मायनर ठेवलेली असते. मग साइट बॅटरीवर चालते, नंतर ‘बॅटरी लो’ येतो आणि शेवटी साइट पडते. ‘फक्त क्रिटिकल’ लावून बसलेल्याला पहिली बातमी कळते ती थेट साइट पडल्यावर. डिझेल घेऊन माणूस पाठवायला मधले जे तास हातात होते, ते गेलेले असतात.

ती साइट मायक्रोवेव्हची हब असेल, म्हणजे इतर साइट्सची रेडिओ लिंक तिच्यातून जात असेल, तर तिच्या मागच्या सगळ्या साइट्सही ‘संपर्क तुटला’ म्हणून लाल होतात. प्रत्येकीचं वेगळं तिकीट काढत बसू नका. अलार्म वेळेनुसार लावा, सगळ्यात जुना कुठला ते पाहा आणि टोपोलॉजीत (कोणती साइट कुणाला जोडलीय त्या नकाशात) तिथून पुढे या.

ॲक्नॉलेज आणि क्लिअर

ॲक्नॉलेज म्हणजे ‘पाहिलं, मी बघतोय’. क्लिअर म्हणजे बिघाड गेला, आणि हे खरं तर साइटवरच्या उपकरणाने सांगायचं असतं. हाताने क्लिअर केलं की ओळ फक्त सर्व्हरच्या यादीतून जाते. बिघाड जागच्या जागी राहतो. सकाळचा रिपोर्ट चकाचक दिसावा म्हणून व्हीएसडब्ल्यूआरचे अलार्म हाताने उडवायची सवय मला सगळ्यात जास्त खटकते. तो अलार्म सांगत असतो की अँटेनाकडे पाठवलेली पॉवर परत फिरतेय: कनेक्टर ढिला असेल, जंपरमध्ये (अँटेनाला जोडणाऱ्या छोट्या केबलमध्ये) पाणी शिरलं असेल. ओळ उडवल्याने पाणी सुकत नाही.

कधीकधी बिघाड खरंच गेलेला असतो, पण क्लिअरचा संदेश वाटेत हरवलेला असतो. अशा वेळी आधी त्या साइटचं अलार्म रीसिंक चालवा, म्हणजे उपकरणाकडून अलार्मची ताजी यादी परत मागवा. त्यानंतरही अलार्म राहिला तर तो खरा समजा आणि माणूस पाठवा.

याची उलट बाजूही आहे. सेल (साइटने व्यापलेल्या भागाचा एक तुकडा) स्क्रीनवर हिरवा, अलार्म एकही नाही, आणि ग्राहक मात्र ओरडतायत. अशा ‘झोपलेल्या’ सेलचा पत्ता अलार्मच्या मेन्यूत लागत नाही. परफॉर्मन्समध्ये जाऊन १५ मिनिटांचे काउंटर (वर्दळीचे मोजलेले आकडे) काढा आणि गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराशी, त्याच वेळेशी ताडून पाहा. तेव्हा वर्दळ होती आणि आज शून्य असेल, तर उत्तर मिळालं.

लॉक करताना

एक सेक्टर (साइटची एकच दिशा) बंद करायचा असतो आणि ट्रीमध्ये सिलेक्ट असते अख्खी साइट. राइट क्लिकचा मेन्यू दोन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो, म्हणून कन्फर्म करायच्या खिडकीतलं ऑब्जेक्टचं नाव वाचा. घाई नसेल तर ‘लॉक’ऐवजी ‘शटिंग डाउन’ निवडा: चालू कॉल संपू दिले जातात, नवे घेतले जात नाहीत. थेट लॉक केलं की बोलणाऱ्याचा कॉल तुटतो.

साइटच्या लिंकचं व्हीलॅन किंवा आयपी (नेटवर्कमधली ओळख आणि पत्ता) बदलताना जास्त सांभाळा. तुमचा रिमोट ॲक्सेस त्याच लिंकवरून येतो, त्यामुळे चूक झाली तर ती दुरुस्त करायची वाटही बंद होते. काही मिनिटांत कन्फर्म न केल्यास जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येईल अशी सोय असेल तर ती वापराच. नसेल तर फील्ड इंजिनिअर साइटवर पोचल्याशिवाय हात लावू नका.

घड्याळ

सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल आणि तुम्ही जॉब ०१:३० ला लावलात, तर तो आपल्याकडे सकाळी ७ वाजता चालेल. म्हणजे रात्री करायचं सेल रीस्टार्ट लोक कामाला निघायच्या वेळी होईल. तारीखही फसवते: आपल्या रात्री २ ला यूटीसीत आदल्या दिवशीचे २०:३० असतात.

टिल्टचा आकडा

बऱ्याच सिस्टीममध्ये इलेक्ट्रिकल टिल्ट (अँटेनाचा झोत खाली किती झुकवायचा तो कोन) ०.१ अंशात भरतात: ४ अंश हवे तर ४०. पॉवरच्या बाबतीत असं दहापट चुकलात तर आकडा रेंजबाहेर म्हणून बहुधा परत येतो. टिल्टमध्ये ४ हाही चालणारा आकडा असू शकतो, म्हणजे ०.४ अंश, आणि सिस्टीम तो निमूट घेते. अँटेनाचा झोत वर उठतो, सेल भलत्याच लांब पोचतो, आणि तक्रारी येतात तीनचार साइट्स पलीकडून. तिथले पॅरामीटर तपासण्यात दिवस जातो, कारण तिथे कुणी हातच लावलेला नसतो. अशा वेळी आसपासच्या साइट्सचा चेंज लॉग आधी उघडा.

‘हा सेल आयडी सापडतच नाही’

ग्राहकाने फोनवरून सांगितलेला आकडा सर्चमध्ये तसाच टाकला तर बऱ्याचदा काही येत नाही. फोरजीत फोन बहुधा पूर्ण २८ बिटांचा आयडी दाखवतो. त्यातले पहिले २० बिट साइटचे, शेवटचे ८ सेलचे. २५६ ने भागा. १०२६५९ आला असेल तर भागाकार ४०१ आणि बाकी ३, म्हणजे साइट ४०१, सेल ३. फाइव्हजीत हा हिशेब जसाच्या तसा लावू नका: तिथे साइटचा भाग २२ ते ३२ बिटांचा असू शकतो, म्हणून तुमच्या नेटवर्कमध्ये तो किती ठेवलाय ते कॉन्फिगरेशनमधून आधी पाहून घ्या.